चारचौघांत नवे संगीत ऐकताना

वाचकहो, बडोद्यात संगीतावर बोलायचे म्हणजे मनावर थोडे दडपण येतेच. मौलाबक्षांनी १८८६ साली ज्या गावात गायनशाळा सुरू केली, आफताब-ए-मौसिकी फैयाज खाँसाहेब ज्या दरबाराचे गवई होते, त्या गावातल्या श्रोत्यांना संगीत कसे ऐकावे हे सांगणारा मी कोण? शिवाय माझा विषयही आडवळणाचा आहे. जगभरातल्या प्रयोगशील, नवमार्गी संगीताच्या ध्वनिमुद्रिका एकत्र बसून ऐकायच्या असतील, तर त्या निवडायच्या कशा? प्रश्न छोटा वाटतो. पण त्याला शंभर वर्षांहून अधिक इतिहास आहे, आणि तो इतिहास मला माझी एक चूक झाल्यानंतर कळला. म्हणून आधी ती चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही दहाबारा जणांनी ठरवले की महिन्यातून एकदा एका वाचनालयाच्या माडीवरच्या खोलीत जमायचे आणि आपण कधीच न ऐकलेले संगीत ऐकायचे. मंडळी आपल्यासारखीच होती : दोन निवृत्त शिक्षक, एक बँकेतले, घर सांभाळून पेटी शिकलेल्या दोघी बहिणी, महाविद्यालयातली तीन मुले. तबकड्या माझ्याकडे होत्या, म्हणून निवड माझ्याकडे आली. पहिल्याच बैठकीला मी इयानिस झेनाकिस यांची 'पर्सेपोलिस' लावली. १९७१ साली इराणमधल्या शिराझच्या कलामहोत्सवासाठी केलेली ही रचना जवळजवळ तासाभराची आहे. ती चुंबकीय फितीवर रचलेली असून तिच्यात ना वाद्य ओळखू येते, ना लय. प्राचीन राजधानीच्या अवशेषांत, रात्री, उघड्या आकाशाखाली, मशाली आणि प्रकाशझोतांच्या साथीने ती प्रथम ऐकवली गेली होती. मी ती ट्यूबलाइटच्या उजेडात, पंखा चालू ठेवून, दोन लहान स्पीकरवर वाजवली.

वीस मिनिटांत खोली निम्मी रिकामी झाली. जे बसले ते भिडेखातर बसले. शेवटी आमच्यातले सर्वांत वडीलधारे, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, चप्पल घालता घालता म्हणाले, ''अहो, तुम्ही आम्हाला ऐकायला बोलावलंत की परीक्षा घ्यायला?''

मला त्या क्षणी राग आला. आपल्या लोकांना नवे नकोच असते, असे मी घरी येऊन म्हणालोसुद्धा. पण अण्णा हे भीमसेन जोशींची मैफल रात्रभर मांडी न मोडता ऐकलेले गृहस्थ. ऐकण्याचा कंटाळा हा त्यांच्यावर ठेवण्याजोगा आरोप नव्हता. मग चुकले काय? हा शोध घेताना मी व्हिएन्नात जाऊन पोहोचलो, अर्थात पुस्तकांतून.

३१ मार्च १९१३ या दिवशी व्हिएन्नाच्या म्यूझिकफेराइन या प्रसिद्ध सभागृहात आर्नोल्ड शोनबर्ग यांनी एक मैफल संचालित केली. कार्यक्रमाचा क्रम पाहण्यासारखा होता. आधी त्यांचे शिष्य आंतोन वेबर्न यांच्या वाद्यवृंदासाठीच्या सहा रचना, मग त्झेमलिन्स्की यांची गाणी, मग स्वतः शोनबर्ग यांची 'चेंबर सिंफनी', मग दुसरे शिष्य अल्बान बर्ग यांची गाणी, आणि सर्वांत शेवटी गुस्टाव्ह मालर यांची गीते. मालर यांचे निधन होऊन दोनच वर्षे झाली होती आणि हे नाव श्रोत्यांच्या चांगल्या परिचयाचे होते. पण कार्यक्रम तिथपर्यंत गेलाच नाही. बर्ग यांच्या गाण्यांच्या वेळी हशा, शिट्ट्या, आरडाओरडा झाला, हाणामारी झाली, पोलीस आले आणि मैफल बंद पडली. प्रकरण पुढे न्यायालयात गेले. तिथे साक्ष देताना एका संगीतिकाकाराने, त्या संध्याकाळी ऐकलेल्या आवाजांत लगावलेल्या थपडेचा आवाजच सर्वांत सुरेल होता, अशा अर्थाचे काहीतरी सांगितले म्हणतात.

या प्रसंगाकडे सहसा 'काळाच्या पुढे असलेले कलावंत आणि अडाणी श्रोते' अशा नजरेने पाहिले जाते. मीही तसाच पाहत होतो. पण माझ्या रिकाम्या खोलीनंतर मला त्यात कार्यक्रमाचा क्रम दिसू लागला. चार अपरिचित रचना एकापाठोपाठ एक, आणि ओळखीचा हात शेवटी ठेवलेला. श्रोत्याला धरायला काही मिळायच्या आत तो वाहून गेला होता.

शोनबर्ग यांनी या प्रसंगातून काय धडा घेतला, हे पुढच्या पाच वर्षांत दिसले. १९१८ च्या जूनमध्ये त्यांनी आपल्या त्याच 'चेंबर सिंफनी'च्या दहा तालमी लोकांसाठी खुल्या ठेवल्या. शेवटी समारंभपूर्वक सादरीकरण नाही, फक्त तालमी. ज्याला यायचे त्याने यावे, तोच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकावा, चुकताना आणि जुळताना ऐकावा. आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, महायुद्ध संपून साम्राज्य कोसळत असताना, अन्नधान्याची आणि कोळशाची टंचाई असलेल्या त्या शहरात, त्यांनी एक मंडळ स्थापन केले. त्याच्या नावाचा अर्थ 'खाजगी संगीतप्रयोगांचे मंडळ' असा होतो. पहिली बैठक २९ डिसेंबर १९१८ रोजी झाली. तीत स्क्रियाबिन, दब्यूसी आणि मालर यांच्या रचना होत्या.

या मंडळाचे माहितीपत्रक फेब्रुवारी १९१९ मध्ये अल्बान बर्ग यांनी लिहिले. १९१३ साली ज्यांच्या गाण्यांवर लोक हसले होते, तेच हे बर्ग. पण पत्रकात श्रोत्यांवर राग नाही. कलावंतांना आणि रसिकांना आधुनिक संगीताची खरी ओळख करून देणे, हा हेतू त्यात सांगितला आहे. त्यासाठी तीन गोष्टी लागतात असे पत्रक म्हणते. पहिली, नीट तालीम करून केलेले स्वच्छ सादरीकरण. दुसरी, एकाच रचनेची वारंवार पुनरावृत्ती. तिसरी, जाहीर जीवनाच्या गदारोळापासून बैठक दूर ठेवणे.

तिसऱ्या मुद्द्यातून काही कडक नियम निघाले. बैठकीला फक्त सभासदांनी यायचे. वृत्तपत्रांच्या समीक्षकांना मज्जाव. टाळ्या वाजवायच्या नाहीत, नापसंतीही दाखवायची नाही. आणि कोणत्या दिवशी काय वाजणार, हे आधी जाहीर करायचे नाही, म्हणजे आवडत्या नावाला गर्दी आणि अनोळखी नावाला शुकशुकाट असे होणार नाही.

आपल्याला, म्हणजे मैफलीच्या परंपरेत वाढलेल्यांना, टाळ्यांचा हा नियम खटकतो. आपल्याकडे दाद ही गाण्याचाच भाग आहे. समेवर मान डोलली नाही तर गवई अस्वस्थ होतो. 'क्या बात है' हा शब्द त्याला पुढची जागा सुचवतो. मला वाटते, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या वेगवेगळ्या प्रसंगांच्या आहेत. गवई समोर असतो तेव्हा दाद त्याच्याकडे जाते. ध्वनिमुद्रिका वाजत असते तेव्हा ती घ्यायला समोर कोणी नसते. तिथे काढलेला उद्गार, हसू किंवा सुस्कारा फक्त शेजाऱ्याकडे जातो आणि त्याचे कान बिघडवतो. अनोळखी संगीतात तर फारच. एकाने भुवई उंचावली की बाकीचे नऊ जण संगीत सोडून भुवई ऐकू लागतात. व्हिएन्नाचा तो नियम तबकडीसमोर बसणाऱ्यांना जास्तच लागू पडतो.

आता निवडीकडे येऊ. हे मंडळ एखाद्या पंथाचा प्रचार करण्यासाठी नाही, असे पत्रकात स्पष्ट लिहिले आहे. जे निःसत्त्व आहे तेवढे वगळायचे. बाकी ज्याला स्वतःचे नाव, चेहरा किंवा स्वभाव आहे असे सगळे आधुनिक संगीत चालेल, असा त्याचा आशय आहे. आणि हे बोलण्यापुरते नव्हते. मालर, रिखार्ड श्ट्राऊस, दब्यूसी, राव्हेल, बार्टोक, स्ट्राव्हिन्स्की, सती, बुसोनी अशी नावे त्यांच्या कार्यक्रमांत येतात. माक्स रेगर यांच्या रचना तर भरपूर वाजल्या, आणि रेगर काही शोनबर्ग यांच्या वाटेचे नव्हते. याहून लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे, सुरुवातीच्या दीर्घ काळात शोनबर्ग यांनी स्वतःच्या रचना या बैठकांत येऊ दिल्या नाहीत. मंडळ त्यांचे, शिष्य त्यांचे, शब्द त्यांचा. तरी निवडणाऱ्याने आपले घोडे मागे बांधले.

आकडे पाहिले की पद्धत अधिक स्पष्ट होते. सुमारे तीन वर्षांत या मंडळाच्या ११७ बैठका झाल्या. त्यांत १५४ रचना मिळून ३५३ वेळा सादर झाल्या. म्हणजे एका बैठकीत सरासरी तीन रचना, आणि प्रत्येक रचना सरासरी दोनदा, काही तर कितीतरी अधिक वेळा. मी माझ्या बैठकीत एक तासाची एकच रचना एकदाच ऐकवली होती. हा हिशेब मांडला तेव्हा मला अण्णांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळाले. एकदाच ऐकवून मत विचारणे ही परीक्षाच असते. दुसऱ्यांदा ऐकवले तर ओळख होते.

मंडळाकडे वाद्यवृंद परवडण्याइतका पैसा नव्हता. म्हणून मोठ्या रचना लहान करून वाजवल्या जात. मालर यांची सातवी सिंफनी पहिल्याच बैठकीत एका पियानोवर चार हातांनी वाजली. पुढे त्यांची चौथी सिंफनी एर्विन श्टाइन यांनी मूठभर वादकांसाठी उतरवली. या गरिबीतूनही बर्ग यांनी एक तत्त्व काढले होते. वाद्यवृंदाचा रंग काढून घेतल्यावर रचनेची हाडे दिसतात, आणि नवे संगीत केवळ झगमगाटावर उभे आहे हा आक्षेप परस्पर खोटा पडतो. तंबोरा आणि साधा ठेका एवढ्यावर ख्याल पारखणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

या मंडळाच्या आठवणींत मला सर्वांत आवडणारी संध्याकाळ २७ मे १९२१ ची. तिजोरी रिकामी होत चालली होती. तेव्हा शोनबर्ग, बर्ग आणि वेबर्न यांनी योहान श्ट्राऊस यांचे वॉल्ट्झ, म्हणजे व्हिएन्नाच्या घराघरांत माहीत असलेली नाचाची गाणी, लहान वाद्यमेळासाठी स्वतः उतरवून काढली, वाजवली आणि त्या हस्तलिखितांचा लिलाव केला. ज्या शहराने त्यांना हसून घालवले होते त्या शहराचे लाडके संगीत त्यांनी तितक्याच काळजीने हाताळले. पैशांचा प्रश्न मात्र त्याने सुटला नाही. ऑस्ट्रियाचे चलन घसरत गेले आणि १९२१ च्या डिसेंबरनंतर व्हिएन्नातल्या बैठका थांबल्या. प्रागमध्ये त्याच धर्तीचे एक मंडळ आणखी थोडी वर्षे चालले.

बैठका थांबल्या, पण एका अर्थी त्यांचे काम यंत्राने उचलले. पुनरावृत्ती ही त्या मंडळाची मुख्य मागणी होती, आणि ती ग्रामोफोन विनातक्रार पुरवतो. अडचण लांबीची होती. जुन्या ७८ फेऱ्यांच्या मोठ्या तबकडीच्या एका बाजूला चारपाच मिनिटेच मावत. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्यांत अख्खा राग तीन-साडेतीन मिनिटांत कसा बांधला आहे, हे आपण सारे जाणतो. लांब रचना अनेक तबकड्यांवर तुकड्यांनी यायची, आणि त्या तबकड्या ठेवण्यासाठी फोटोंच्या वहीसारखी पाकिटांची जाड वही असायची. 'अल्बम' हा शब्द तबकड्यांना चिकटला तो तिथून. १९४८ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या कोलंबिया कंपनीने ३३⅓ फेऱ्यांची तबकडी बाजारात आणली. तिच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मावू लागली. वही गेली, शब्द राहिला. आणि अल्बम म्हणजे एका बैठकीचा ऐवज असे नवे माप तयार झाले.

त्याच वर्षी, ५ ऑक्टोबर १९४८ रोजी, फ्रेंच रेडिओवरून पिएर शेफेर यांच्या पाच छोट्या रचना प्रसारित झाल्या. पॅरिसच्या एका रेल्वे स्थानकावर ध्वनिमुद्रित केलेले इंजिनांचे फुत्कार, शिट्ट्या, रुळांचे ठेके यांतून त्यांतली एक केली होती. इथे ध्वनिमुद्रण हे गाणे साठवण्याचे साधन राहिले नाही. ते स्वतःच वाद्य झाले. शेफेर एका जुन्या आख्यायिकेची आठवण देत असत. पायथॅगोरसचे नवे शिष्य गुरूला पडद्याआडून ऐकत, म्हणजे चेहरा न दिसल्याने लक्ष शब्दांवर राहावे. तबकडी ऐकणाऱ्या प्रत्येक मंडळासमोर तो पडदा असतोच. आवाज कशाचा, हे शोधत बसायचे की आवाज कसा आहे ते ऐकायचे, हा निर्णय श्रोत्याने घ्यायचा.

आता कोणी म्हणेल, हे सगळे परक्यांचे. आपल्या वाचनालयाच्या माडीशी त्याचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो आपल्या दारावरून जातो.

१९४६ साली अहमदाबादच्या साराभाई घराण्यातील गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या. त्या पखवाज वाजवत. भारतीय संगीतावर पाश्चात्त्य संगीताचा होणारा परिणाम समजून घ्यायचा, तर आधी ते संगीत शिकले पाहिजे, असे त्यांना वाटत होते. तिथे त्यांची गाठ जॉन केज या तरुण रचनाकाराशी पडली. ठरले असे की केज यांनी त्यांना आधुनिक पाश्चात्त्य संगीत शिकवायचे आणि मोबदल्यात त्यांनी केज यांना भारतीय संगीत समजावून द्यायचे. संगीत कशासाठी, या केज यांच्या प्रश्नाला गीताबाईंनी आपल्या गुरूंचे उत्तर सांगितले : मन शांत आणि स्थिर व्हावे, म्हणजे ते दैवी प्रभाव ग्रहण करू शकेल. केज हे उत्तर जन्मभर सांगत राहिले. त्याच काळात, १९४६ ते १९४८ या दोन वर्षांत, त्यांनी 'सोनाटाज अँड इंटरल्यूड्स' ही वीस छोट्या तुकड्यांची रचना केली. पियानोच्या तारांमध्ये स्क्रू, बोल्ट, रबराचे तुकडे अडकवून केलेले हे संगीत कधी जलतरंगासारखे, कधी घुंगरांसारखे वाजते. आनंद कुमारस्वामींच्या लेखनातून केज यांना रससिद्धान्त भेटला होता. स्थायी भाव आणि त्यांचा शांताकडे असलेला ओढा हा या रचनेचा विषय आहे. म्हणजे पाश्चात्त्य नवसंगीतातला हा मैलाचा दगड आपण 'नवरसांवरची रचना' म्हणूनही लावू शकतो, आणि त्यात काही ओढाताण नाही.

गोष्ट इथे संपत नाही. केज यांचे निकटचे सहकारी, पियानोवादक डेव्हिड ट्यूडर, १९६९ मध्ये अहमदाबादला आले आणि राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर बसवून त्यांनी इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा केला. तिथे गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी काम केले. काही वर्षांत तो स्टुडिओ बंद पडला आणि फिती कपाटात गेल्या. ब्रिटिश कलावंत पॉल पर्गस यांना त्या संस्थेच्या संग्रहात सापडल्या, आणि १९६९ ते १९७२ या काळातल्या निवडक फितींचा अल्बम २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. बडोद्याहून गाडीने दोन तासांच्या अंतरावर हे घडत होते, आणि आपल्याला ते अर्धशतकानंतर कळले.

दुसरा धागा तर थेट बडोद्याच्या नावाचा आहे. किराना घराण्याचे अब्दुल वहीद खाँ हे अब्दुल करीम खाँसाहेबांचे नातलग. त्यांच्या विलंबित आलापीची ख्याती आपण ऐकून आहोत. हिराबाई बडोदेकरांनी त्यांच्याकडे तालीम घेतली. त्यांचेच दुसरे शिष्य पंडित प्राणनाथ. प्राणनाथ १९७० मध्ये न्यूयॉर्कला गेले, आणि अमेरिकेच्या नवसंगीतातले दोन मोठे रचनाकार, ला माँट यंग आणि टेरी रायली, त्यांचे गंडाबंध म्हणावेत असे शिष्य झाले. लांबच लांब टिकणारा एकच स्वर, त्याच्या पोटातले बारीक स्वर ऐकत राहणे, हा यंग यांचा ध्यास आधीपासूनच होता. किराना गायकीत त्यांना त्याचे घर सापडले. न्यूयॉर्कच्या माळ्यावर ज्यांचे गाणे नवमार्गी म्हणून ऐकले गेले, ते हिराबाईंचे गुरुबंधू होते.

रायली यांची 'इन सी' ही रचना १९६४ ची, म्हणजे प्राणनाथांच्या भेटीआधीची. तिच्यात ५३ छोटे स्वरवाक्यांश आहेत. कितीही वादक असोत, प्रत्येकाने क्रमाने पुढे जायचे, पण एकेक वाक्यांश किती वेळा वाजवायचा हे ज्याचे त्याने ठरवायचे. पियानोवर एकच स्वर अखंड टिपटिपत राहतो. १९६८ मध्ये तिचा अल्बम निघाला. षड्ज कानात ठेवून ऐकण्याची सवय असलेल्या माणसाला ही रचना दुसऱ्यांदा ऐकताना परकी वाटत नाही, हे मी आता अनुभवाने सांगतो.

आणि प्रयोग म्हटला की तो बाहेरूनच यावा असेही नाही. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व १९४८ मध्ये देवासला आले, क्षयाने वर्षानुवर्षे गाणे बंद झाले, आणि त्या सक्तीच्या शांततेत माळव्याची लोकगीते ऐकत त्यांनी रागांच्या उगमाचा विचार केला. पुढे त्यांनी बांधलेले नवे राग अनेक जाणत्यांना पटले नाहीत. पण 'गीतवर्षा', 'गीतहेमंत', 'तांबे गीत रजनी' अशा कार्यक्रमांत त्यांनी संध्याकाळ एका सूत्रात गुंफली, ओळखीच्या शेजारी अनोळखी ठेवले. निवड आणि क्रम ही रचनेइतकीच गंभीर गोष्ट आहे, हे आपल्याला शिकायला व्हिएन्नाला जायची तशी गरज नव्हती. मी मात्र तिकडून फिरून आलो.

हे सगळे वाचून झाल्यावर मी अण्णांच्या घरी गेलो. चूक कबूल केली आणि पुन्हा सुरू करू या म्हटले. ते म्हणाले, ''येतो. पण एका वेळी थोडं द्या, आणि दोनदा द्या.'' बर्ग यांच्या पत्रकाचा निम्मा अर्थ त्यांनी न वाचताच सांगितला होता.

मग आम्ही असे ठरवले. एका बैठकीत तीनच गोष्टी. पहिली छोटी आणि ठळक, मधली नवी आणि अवघड, शेवटची जिच्यात पाय टेकतील अशी. मधली रचना पुढच्या महिन्यात पुन्हा लागणारच, मग ती आवडो वा न आवडो. वाजत असताना बोलायचे नाही. संपल्यावर दोन मिनिटे कोणी काही म्हणायचे नाही. मग आधी सर्वांत धाकट्याने बोलायचे, वडीलधाऱ्यांनी शेवटी. आणि निवडणाऱ्याने स्वतःची लाडकी तबकडी पहिले सहा महिने घरीच ठेवायची.

पहिल्या नव्या बैठकीत शेफेर यांची रेल्वेवरची रचना लावली. तीन मिनिटांची. दुसऱ्यांदा लावली तेव्हा पेटी शिकलेल्या बहिणींपैकी एक म्हणाली, त्यात मध्येच एक तिहाई आल्यासारखी वाटते. खरे-खोटे शोधण्यासाठी तिसऱ्यांदा लावली. त्यानंतर केज यांचे चार सोनाटा, आणि शेवटी हिराबाईंची एक जुनी तबकडी. कोणी उठले नाही.

स्टीव्ह राइख यांच्या 'कम आउट'वर आमच्यात वाद झाला आणि तो मला उपयोगी पडला. १९६६ च्या या रचनेत न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात पोलिसांची मारहाण सोसलेल्या एका तरुणाच्या जबानीतले काही शब्द दोन फितींवर एकाच वेळी वाजतात. फिती हळूहळू एकमेकींच्या मागेपुढे सरकतात आणि शब्द विरघळून नुसता आवाज उरतो. जखम झाली आहे हे पटवण्यासाठी त्याला स्वतःचे रक्त दाखवावे लागले, एवढीच ती गोष्ट. आरोपी मुलांच्या खटल्याची पुन्हा सुनावणी व्हावी म्हणून झालेल्या मदत-कार्यक्रमासाठी ती केली होती. मी हे न सांगता ती लावली, कारण कान मोकळे राहावेत अशी माझी समजूत. महाविद्यालयातली मुलगी नंतर चिडली. म्हणाली, ''काका, हे आधी सांगायला हवं होतं. मी मनात हसत होते.'' तेव्हापासून नियमात भर पडली. रचना कशी बांधली हे नंतर सांगायचे, पण तिच्यात कोणाचे दुःख असेल तर ते आधी सांगायचे.

दीड वर्षाने आम्ही 'पर्सेपोलिस' पुन्हा लावली. सगळी नाही, वीस मिनिटे. दिवे घालवले, पंखा बंद केला, थंडीचे दिवस होते. ती कुठे आणि कशी प्रथम वाजली ते आधी सांगितले. पुढच्या महिन्यात तीच वीस मिनिटे पुन्हा. बोलायची पाळी अण्णांवर आली तेव्हा ते म्हणाले, ''मला अजून आवडली नाही. पण या वेळी कुठे नाही आवडली ते सांगता येईल.'' आणि त्यांनी ते सांगितले, जवळजवळ दहा मिनिटे. आवाज वाढतो पण त्याला विसावा नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मुलांपैकी एकाने त्यांना विरोध केला. वाचनालयाच्या शिपायाने किल्ल्या वाजवल्या तरी वाद चालू होता, आणि तो जिन्यावरही चालू राहिला.

वाचकहो, आपापल्या गावी अशी मंडळे आहेत, होती, किंवा पुन्हा होऊ शकतील. इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद इथल्या आपल्या संस्थांकडे खोल्या आहेत, सतरंज्या आहेत, आणि वर्षानुवर्षे ऐकून तयार झालेले कान आहेत. नव्या वयाची माणसे जिना चढत नाहीत ही तक्रार आपण सगळेच करतो. त्यांच्यासाठी नवे काही ठेवावे म्हणून आपण घाईने काहीतरी निवडतो, आणि जुनी माणसेही गमावतो. मी ते केले आहे. निवडणाऱ्याच्या हाती समोर बसलेल्यांचा विश्वास असतो, आणि तो एका संध्याकाळीत खर्च होऊ शकतो. यादी कितीही धाडसी असली तरी चालेल. पण तीत प्रत्येक अनोळखी रचनेला दुसऱ्यांदा येण्याची जागा राखून ठेवलेली असावी, आणि ती न आवडल्याचे सांगणाऱ्यालाही.

यंदापासून आमची यादी पेटी शिकलेल्या त्या दोघी बहिणी करतात. पुढच्या बैठकीत काय वाजणार आहे, हे त्यांनी मला सांगितलेले नाही.